जांबोटीचं धुकं आणि खिशातली बॅटरी
काल रात्री बेळगावजवळच्या जांबोटी रस्त्यावर पुन्हा तेच. धुक्यात बॅटरीचा (टॉर्चचा) हजार ल्युमेनचा झोत म्हणजे समोर पांढरी भिंत! (ल्युमेन म्हणजे उजेडाचं माप.) रात्रीचे प्राणी बघायला तीनशे ल्युमेन पुष्कळ, पण सगळ्यात मंद उजेड पाचच्या आत हवा. बेडूक हातभर अंतरावरच बसलेला असतो. उजेड पिवळसर घ्या, 4000 केल्विनच्या (उजेडाच्या रंगाचं माप) आसपास, सीआरआय (रंग किती खरे दिसतात त्याचा आकडा) 90. निळसर उजेडात चापडा (हिरवा विषारी साप) आणि ओलं पान वेगळं कळत नाही. आतला 18650 सेल (पुन्हा चार्ज होणारा लिथियम सेल) बदलता यावा. चार्जिंगच्या तोंडाचं रबर घट्ट आहे ना बघा, आपल्या पावसात पाणी तिथूनच शिरतं.

बॅटरी कानशिलापाशी धरा, तरच प्राण्यांच्या डोळ्यांची चमक आपल्याकडे परत येते. धुकं दाटलं की कमरेशी. लोरिसचे (झाडावरचा छोटा निशाचर प्राणी) नारिंगी डोळे चमकले की झोत लगेच बाजूला, बिचाऱ्याचे डोळे दिपतात. जवळच्या भीमगड अभयारण्यात मात्र रात्री वनखात्याच्या परवानगीशिवाय पाऊल नको.