पडसं घेऊन लेहला जाताय?

कोकणात सर्दी-खोकल्याचे दिवस आणि लडाखच्या सहलींचे दिवस नेमके एकत्र येतात. रत्नागिरी-मालवणचा माणूस समुद्रसपाटीवरून निघून विमानाने थेट 3,500 मीटरवरच्या लेहला उतरतो. नुसतं नाक वाहत असेल तर पोचल्यावर दोन दिवसांऐवजी तीन-चार दिवस गावातच आराम करावा. खोकला छातीत उतरला असेल किंवा ताप असेल तर मात्र तिकीट पुढे ढकला. पैसे जातील, जाऊ देत.

उंचीवर प्राणवायू कमी पडला की फुफ्फुसांतल्या रक्तवाहिन्या आवळतात, पण सगळीकडे सारख्या नाहीत. जिथे कमी आवळतात तिथल्या केशवाहिन्यांवर दाब वाढतो, त्या झिरपतात आणि वायुकोशांत पाणी साचतं. संसर्गाने वायुकोशांचं अस्तर आधीच सुजलेलं असेल तर झिरपायला कमी उंचीही पुरते. लहान मुलांना हा धोका जास्त.

उंचीवर असं फुफ्फुसांत पाणी साचण्याला डॉक्टर 'हेप' (HAPE) म्हणतात. तो बहुधा दुसऱ्या ते चौथ्या दिवशी, रात्री बळावतो. थोडा ताप आणि कोरडा खोकला असल्यामुळे घरची सर्दीच वाढली असं वाटतं, आणि इथेच घात होतो. बसल्या जागी दम लागतोय का, सपाट रस्त्यावरही सोबतचे पुढे जातायत का, ते पाहा. गुलाबी फेस येईपर्यंत थांबलात तर फार उशीर झालेला असतो. ऑक्सिमीटर लावताना बोटं उबदार हवीत, नेलपॉलिश नको. लेहमध्ये सुरुवातीला रक्तातल्या प्राणवायूचा आकडा 85-90 टक्के अनेकांना दिसतो. आपला सोबत्यांपेक्षा बराच खाली आणि आराम करूनही वर येत नसेल तर काळजीचं.

मग ऑक्सिजन लावून आकडा 90 च्या वर ठेवायचा आणि डॉक्टर गाठायचा. ऑक्सिजन नसेल किंवा गुण येत नसेल तर निदान हजार मीटर खाली उतरवायचं. रुग्णाला चालवू नका, श्रमाने दाब आणखी वाढतो. अँटिबायोटिकने हे पाणी ओसरत नाही. डायमॉक्सची गोळी उंचीवरची डोकेदुखी-मळमळ टाळायला उपयोगी, हेपसाठी त्यावर विसंबू नये. निफेडिपिन हे रक्तवाहिन्या सैल करणारं औषध डॉक्टरांनी सांगितलं तरच.

खोकणाऱ्याला पँगाँगला तर नेऊच नका. तलाव सव्वाचार हजार मीटरवर, आणि तिथून नेहमीच्या रस्त्याने लेहकडे परतताना चांग ला ही पाच हजार मीटरहून उंच खिंड ओलांडावी लागते. खाली यायचं तर आधी वर चढणं भाग आहे.