किमान दोघांसाठी

मेनूकार्डावर ‘पित्सोक्केरी’ असं ठळक लिहिलं होतं आणि त्यापुढे कंसात, बारीक अक्षरांत, ‘किमान दोघांसाठी’. मी एकटी होते. नोव्हेंबरातला रविवार, बाहेर तिरानोच्या गल्ल्यांमध्ये वारा, दुपारचा दीड वाजलेला आणि पोटात मिलानपासून राखून ठेवलेली भूक. मालकीणबाईंना विचारलं, एकटीसाठी थोडं करता येईल का? त्यांनी माझ्या शेजारच्या रिकाम्या खुर्चीकडे पाहिलं, जणू कोणी यायचं राहिलंय का याची खात्री करत होत्या, आणि मान हलवली. नाही. दिलगिरी नाही, आवाजात खेद नाही. आपल्याकडे एकटीला लग्नाची पंगत वाढा म्हटलं असतं तर जो चेहरा झाला असता, तोच.

मी दिवसाचं सूप खाल्लं. शेजारच्या टेबलावर चौघांचं कुटुंब होतं आणि त्यांच्या मधोमध एक खोल भांडं आलं, वरून तूप ओतल्यासारखं चमचमणारं. लसणीचा वास माझ्या टेबलापर्यंत आला. बाकीचं आलं नाही.

वाल्तेल्लिना हे उत्तर इटलीतलं आद्दा नदीचं खोरं. मिलानहून गाडी कोमो सरोवराच्या काठाने बोगद्यांतून आत-बाहेर करत कोलिकोला पोचते, मग पूर्वेला वळून खोऱ्यात शिरते. अडीच तासांत तिरानो. डावीकडचा डोंगर दिवसभर उन्हात, उजवीकडचा सावलीत. उन्हातल्या डोंगरावर द्राक्षं. साताऱ्याकडे शेताला ताली घालतात तशाच दगडी ताली, चुना-सिमेंटाशिवाय रचलेल्या, पण उतारावर एकावर एक इतक्या वर गेलेल्या की तिथे तोडणी करणाऱ्याचे गुडघे दुखत असणार. द्राक्ष नेब्बिओलो जातीचं, मात्र इथे त्याला कियावेन्नास्का म्हणतात. शेजारच्या गावाने ठेवलेलं नाव आपण वापरायचं नाही, हा या खोऱ्याचा स्वभाव आहे. पुढे त्याचा अनुभव आला.

तर पित्सोक्केरी. कुट्टूच्या पिठाच्या, करड्या-तपकिरी, बोटभर लांब पट्ट्या. उत्तर भारतात नवरात्रात ज्याच्या पुऱ्या करतात तोच हा कुट्टू. इकडे त्याला ‘ग्रानो साराचेनो’ म्हणतात. नावात ‘ग्रानो’ असलं तरी हे गवताच्या कुळातलं धान्य नव्हेच. आपल्या भाजीवाल्याकडे मिळणाऱ्या आंबट चुक्याचा हा भाऊबंद. डोंगरातल्या उंच, थंड, हलक्या जमिनीत जिथे गव्हाचा भरवसा नसे तिथे तो येई, आणि थोडक्या महिन्यांत येई. आता खोऱ्यात त्याची शेती फारच थोडी उरली आहे. खाणारे मात्र वाढलेत.

तेल्यो नावाचं गाव आहे, खोऱ्याच्या तळापासून बरंच वर. वाल्तेल्लिना हे नावच त्या गावावरून पडलं असं सांगतात. तिथे पित्सोक्केरीची अकादमी आहे. हो, अकादमी. तिने चौघांसाठीचं प्रमाण ठरवून दिलं आहे: कुट्टूचं पीठ 400 ग्रॅम, गव्हाचं 100, कोबी 200, बटाटे 250, वाल्तेल्लिना काझेरा चीज 250, किसलेलं ग्राना चीज 150 आणि लोणी 200 ग्रॅम. मी हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा लोण्याचा आकडा दोनदा वाचला. माणशी 50 ग्रॅम लोणी, 100 ग्रॅम चीज. आणि वर लिहिलंय, चिमूटभर मिरी.

पण कृती वाचल्यावर त्या बाईंवरचा माझा राग निवळला. मिठाच्या पाण्यात आधी बटाटे आणि कोबी, पाच मिनिटांनी त्याच पाण्यात पट्ट्या, मग दहाएक मिनिटांनी झाऱ्याने उपसून गरम भांड्यात थर: पट्ट्या, चीज, पट्ट्या, चीज. शेवटी लसूण लोण्यात तांबूस करून ती फोडणी वरून ओतायची. आणि ढवळायचं नाही. अजिबात नाही, अकादमीचं तसं सांगणं आहे. आता हे सगळं एकाच ताटलीपुरतं करायचं म्हटलं तर थर कशाचे लावणार? उष्णता कुठे टिकणार? चीज वितळायला खालून-वरून पट्ट्यांचं पांघरूण लागतं. पदार्थच असा की त्याला गर्दी हवी.

पुढच्या जूनमध्ये आई-बाबा आले. आता आम्ही तिघं होतो, म्हणजे कंसातली अट पुरी करून एक माणूस शिल्लक. तिरानोहून सेंट मॉरिट्झला जाणाऱ्या लाल गाडीचं वेड त्यांना पुण्यातल्या ओळखीच्यांनी लावलं होतं. हल्ली युरोपच्या सहलीला गेलेल्या मराठी माणसाच्या फोनमध्ये बेर्निनाचा तो गोल फिरणारा पूल असतोच. 429 मीटरवरून निघून गाडी 2253 मीटरवर जाते, आणि तिरानोत तर बॅसिलिका चर्चसमोरच्या चौकातून ट्रामसारखी, मोटारींना थांबवून जाते. बाबांनी जाताना त्याचा व्हिडिओ काढला, येताना परत काढला. मग मी त्यांना तेल्योला नेलं.

जेवणाची खोली लाकडाची. भिंती, छत, जमीन सगळं लाकूड, कोपऱ्यात शेगडी. अशा खोलीला इथे ‘स्तूआ’ म्हणतात. हिवाळ्यात घरातली हीच एक खोली उबदार असे, म्हणून सगळं घर तिथेच. आम्ही साडेबाराला पोचलो होतो, कारण दोननंतर स्वयंपाकघर बंद होतं आणि मग जेवण देतील अशी आशा धरू नये. बाबांनी मेनूकार्ड शेवटच्या ओळीपासून वाचायला घेतलं (बँकेत आयुष्य गेलं, बारीक अक्षरं आधी) आणि त्यांना ‘कोपेर्तो’ सापडलं. माणशी अडीच युरो.

“हे काय?”

“बसण्याचे. टेबलक्लॉथ, काटे-चमचे, पाव.”

“म्हणजे ताटाचं भाडं,” बाबा म्हणाले. “आणि पाव नाही खाल्ला तर?”

“तरी.”

त्यांनी पावाची टोपली जवळ ओढली आणि जेवण संपेपर्यंत ती रिकामी केली.

एक गोष्ट मी बाबांना आधीच सांगितली होती. ते शाकाहारी, पित्सोक्केरीत मांस नाही, अंडं नाही, पण काझेरा किंवा बित्तो ही चीजं वासराच्या जठरातल्या रेनेटने विरजलेली असतात. न सांगता खायला घालणं मला जमलं नसतं. बाबा गाडीत बराच वेळ आद्दा नदीकडे बघत बसले. मग म्हणाले, “मिलानमध्ये आठ दिवस जे पिझ्झे खाल्ले त्यातही?” मी म्हटलं, बहुतेक. “मग आता काय नवं बाटणार! फक्त आत्याला कळवू नकोस.”

आधी ‘श्यात’ आले. स्थानिक बोलीत श्यात म्हणजे बेडूक. घाबरू नका, कुट्टूच्या पिठात थोडी ग्राप्पा, म्हणजे द्राक्षाची दारू, घालून त्या पिठात चीजचे तुकडे बुडवून तळलेली ही गोल भजी, तळताना पिठाला वेडीवाकडी शेपटी फुटते म्हणून बेडूक. खाली चिकोरीचा कडू पाला. बाबांनी सहा खाल्ले आणि चटणी मागायची का असं डोळ्यांनी विचारलं. मी डोळ्यांनी नाही म्हटलं.

मग भांडं आलं. आईने त्यात डोकावून पाहिलं, एक पट्टी काट्यावर घेऊन उजेडात धरली.

“अगं, ह्या चकोल्या आहेत.”

“आई, वरण कुठंय?”

“वरण नाही म्हणूनच एवढं लोणी घातलंय बिचाऱ्यांनी.”

तिचं तेवढ्यावर भागलं नाही. मालकांना बोलावून, माझ्यामार्फत, पीठ किती घट्ट मळता, लाटता किती जाड, विचारून झालं. दोन-तीन मिलिमीटर, ते म्हणाले. सात सेंटिमीटर रुंद पट्टे कापायचे, एकावर एक ठेवायचे आणि आडवे चिरायचे. त्यांनी टेबलावर हाताच्या कडेने चिरून दाखवलं, आईने तिच्या हाताने. फोडणीत सेजची पानं घालता का, असं मी मध्येच विचारलं, कारण खाली तिरानोत तसा वास आला होता. मालक गप्प झाले. मग अगदी सौम्यपणे म्हणाले, की खाली लोक काय काय घालतात ते त्यांना माहीत आहे.

आईने चमचा घेऊन भांड्यातलं खाली-वर करायला सुरुवात केली तेव्हा मात्र त्यांनी तिचं मनगट धरलं नाही एवढंच.

दुसऱ्या दिवशी कियावेन्नाला गेलो. ते खोरं वेगळं, कोलिकोहून दुसरा फाटा, आणि तिथली पित्सोक्केरी पांढरी, मैद्याची, लहान गोळ्यांसारखी; नाव एकच, वस्तू दुसरी, आणि दोन्ही गावांचं म्हणणं एकच की आमची खरी. तिथे जेवायचं ते क्रोत्तोमध्ये. डोंगरावरून पूर्वी कधी कोसळलेल्या दरडींच्या खडकांमध्ये फटी राहिल्या, त्यांतून बारा महिने गार हवा येत असते, साधारण आठ अंशांची. त्या हवेला ‘सोरेल’ म्हणतात. लोकांनी फटीच्या तोंडाशी भिंती बांधून दारू, चीज, मांस ठेवायला तळघरं केली, मग बाहेर दगडी टेबलं मांडली, शेजारी लोखंडी गोळे घरंगळवत खेळायची पट्टी. फ्रीज आला तरी क्रोत्तो राहिले, कारण माणसांची बसायची सवय राहिली.

आईने दाराच्या आत जाऊन फटीपुढे हात धरला. बाहेर जूनचं ऊन. बराच वेळ ती तिथेच. आम्ही हाका मारल्या तर म्हणाली, पदार्थ आल्यावर बोलवा.

शेजारच्या टेबलावर बकऱ्याची मांडी आली होती, खारवून वाळवलेली, तिला ‘व्हायोलिन’ म्हणतात. एक आजोबा ती खांद्याला लावून, सुरी गजासारखी चालवत पातळ काप काढत होते आणि मग मांडी पुढच्याकडे देत होते. प्रत्येकाने आपापलं कापायचं. बाबा शाकाहारी असूनही खुर्ची वळवून बघत होते. आमच्याकडे बघून आजोबांनी मांडी पुढे केली. बाबांनी हात जोडले. आजोबांनी काय समजायचं ते समजून, त्याऐवजी ब्राउलिओची बाटली सरकवली. बोर्मियोत 1875 पासून करतात ते काळं कडू मद्य, अमारो, जेंशियन, जुनिपर असल्या डोंगरी वनस्पतींचा. आईने एक घोट घेतला आणि म्हणाली, “काढा आहे हा. खोकल्याचा.” आणि दुसरा घेतला.

आई-बाबा गेल्यावर ऑक्टोबरात मी परत एकदा एकटीच तिरानोला गेले. त्याच मालकीणबाई, तोच कंस. या वेळी मी विनवलं नाही; दोघांची पित्सोक्केरी मागवली, दोघांचे पैसे देईन म्हटलं. त्यांनी पुन्हा रिकाम्या खुर्चीकडे पाहिलं आणि दुसरी ताटली मांडली. मी निम्म्याच्या थोडं पुढे गेले. उरलेलं त्यांनी न विचारता फॉइलमध्ये बांधलं आणि बजावलं: मायक्रोवेव्ह नाही. तव्यावर, मंद आच, खालून खरपूस होईपर्यंत, आणि मग एकदाच उलटायचं. आमच्याकडे शिळी भाकरी अशीच उलटतात, मी म्हणणार होते, पण भाकरीला इटालियनमध्ये काय म्हणायचं ते सुचेना.

गाडीत पुडा पिशवीत होता, तरी सोंद्रियोपर्यंत डब्यात लसूण आणि लोणी पसरलं. समोर बसलेल्या म्हाताऱ्या गृहस्थांनी वर्तमानपत्र खाली केलं, हुंगलं, माझ्याकडे पाहून हसले.

“तेल्यो?”

“तिरानो,” मी म्हटलं.

त्यांनी पुन्हा एकदा हुंगलं. “सेज,” एवढं म्हणाले आणि वर्तमानपत्र वर केलं.