ओव्यांचा शोधक: दोन महिन्यांनी हुक पुन्हा चालू केले

आईच्या वहीतल्या जात्यावरच्या ओव्या शब्दावरून शोधता याव्यात, म्हणून लिहायला घेतलेला प्रोग्राम दोन महिने पडून होता. शनिवारी रात्री क्लॉड कोडमध्ये (कोड लिहून देणारा एआय सहायक) रिझ्यूम देऊन जुनं सत्र उघडलं. एरवी सत्रांच्या नोंदी ३० दिवसांनी पुसल्या जातात. ती मुदत मी आधीच वाढवून ठेवली होती, त्यामुळे सगळं संभाषण जागच्या जागी सापडलं.

हुक, म्हणजे ठरावीक वेळी आपोआप चालणाऱ्या स्क्रिप्ट, मात्र बंद होते, आणि बंद मीच केले होते. माझी स्क्रिप्ट दर प्रॉम्प्टला, म्हणजे मी दिलेल्या प्रत्येक सूचनेला, चाळीस ओळींचे नियम जोडायची, तेही मराठीत. यूटीएफ-८ या मजकूर साठवायच्या पद्धतीत देवनागरीच्या प्रत्येक चिन्हाला तीन बाइट लागतात, टोकनही (मॉडेल मजकुराचे जे तुकडे पाडतं ते) इंग्रजीपेक्षा जास्त जातात. कॉन्टेक्स्ट, म्हणजे मॉडेलच्या नजरेसमोर एका वेळी मावणारा मजकूर, भराभर भरायला लागला तेव्हा वैतागून सेटिंग्जमध्ये ‘डिसेबल ऑल हुक्स’ ट्रू केलं आणि विसरून गेले.

रविवारी सकाळी क्लॉडला सांगितलं, मजकूर साफ करणारं फंक्शन नीट कर. त्याने न दिसणारी सगळी चिन्हं काढून टाकली. इतर कुठल्याही मजकुरासाठी हे ठीकच म्हटलं असतं. पण ‘दुसऱ्या’, ‘वाऱ्या’, ‘सासऱ्या’ यांतला अर्धा र दोन तऱ्हांनी टाइप होतो. एक, खाली नुक्ता असलेला ऱ आणि हलन्त. दुसरी, साधा र, हलन्त आणि त्यानंतर झीरो विड्थ जॉइनर, हे अक्षरं जोडणारं पण स्वतः न दिसणारं चिन्ह. पडद्यावर दोन्ही सारखेच दिसतात. जॉइनर पुसला की दुसऱ्या तऱ्हेतला र उडी मारून रफार होतो आणि ‘दुसऱ्या’चं ‘दुसर्या’ होतं. निम्मी वही मी फोनवर टाइप केली, निम्मी लॅपटॉपवर, त्यामुळे माझ्याकडे दोन्ही तऱ्हा आहेत. ‘वाऱ्या’ शोधलं आणि मला तोंडपाठ असलेली एक ओवी आलीच नाही, तेव्हा लक्षात आलं. जॉइनर पुसू नये, हा त्या चाळीस ओळींतला पहिला नियम होता.

मूळ फाइली गिटमध्ये (जुन्या आवृत्त्या जपणारं साधन) होत्या, म्हणून नुकसान काही झालं नाही. पण हुक होते तसेच चालू करायचे नाहीत हे ठरवलं. दुपारभर नियमांची वाटणी केली. कायमचे नियम प्रोजेक्टच्या मुळाशी असलेल्या क्लॉड डॉट एमडीत गेले. ती फाइल सत्राच्या सुरुवातीला वाचली जाते आणि कॉम्पॅक्ट केल्यावर, म्हणजे लांबलेल्या संभाषणाचा सारांश केल्यावर, पुन्हा घेतली जाते, म्हणजे दर वेळी तेच सांगत बसायला नको. ‘सेशन स्टार्ट’ हुक आता फक्त तीन ओळी छापतो: शेवटची कमिट (गिटमध्ये नोंदवलेला बदल), नापास चाचण्या, पुढचं काम. तो रिझ्यूमनंतरही चालतो, आणि मला नेमकं तेच हवं होतं, कारण माझं काम असंच खंड पडत पडत होतं. दर प्रॉम्प्टच्या हुकात एकच ओळ ठेवली, जॉइनरची. मग ‘डिसेबल ऑल हुक्स’ काढलं, सत्र नव्याने उघडलं आणि कॉन्टेक्स्ट कमांड देऊन पाहिलं. पूर्वीच्या मानाने खूपच जागा मोकळी दिसली.

त्यानंतर तेच काम पुन्हा सांगितलं. या वेळी त्याने आधी ‘र, हलन्त, जॉइनर’ या तिकडीचा ‘ऱ, हलन्त’ केला आणि मगच उरलेली अदृश्य चिन्हं काढली. क्रम महत्त्वाचा आहे. उलट केलं तर तिकडी ओळखायला जॉइनरच उरत नाही. दोन्ही तऱ्हांची एकेक ओवी चाचणीत घातली आहे, त्यामुळे उद्या नियम गळला तरी चाचणी अडवेल.

‘वाऱ्या’ची ती ओवी आता येते. आईला फोन करून वाचून दाखवली, तर तिने पुढची ओळ म्हटली. ती वहीत नव्हतीच. आज ती टाइप केली. पुढचं काम, तिने तोंडी सांगितलेल्या ओळींना वेगळी खूण.