८३ जागा मिळूनही विरोधी बाकांवर: बव्हेरिया, १९५४

पश्चिम जर्मनीतील बव्हेरिया राज्यात २८ नोव्हेंबर १९५४ रोजी विधानसभेची निवडणूक झाली. सीएसयू या पुराणमतवादी ख्रिश्चन पक्षाची मते २७.४ टक्क्यांवरून ३८ टक्क्यांवर गेली, जागा ६४ च्या ८३ झाल्या. सरकार मात्र उरलेल्या चार पक्षांनी मिळून बनवले. कारण शोधायला आधी बेरीज मांडावी लागते.

एकूण जागा २०४, बहुमताला १०३. समाजवादी-लोकशाहीवादी एसपीडी ६१, बव्हेरियाची प्रादेशिक बायर्न पार्टी २८, विस्थापितांचा बीएचई १९, उदारमतवादी एफडीपी १३. (राज्यभर ७.२ टक्के मते मिळालेला एफडीपी सभागृहात आला, कारण तेव्हा एका तरी विभागात १० टक्के मते ही अट होती. राज्यभरात ५ टक्क्यांची अट १९७३ पासूनची.) सीएसयूने बीएचईला घेतले तर १०२, म्हणजे एक जागा कमी. एसपीडी, बायर्न पार्टी आणि एफडीपी यांची बेरीजही १०२ च. बायर्न पार्टीवाचून एसपीडीचे सरकार अशक्य होते, आणि सीएसयूला तिच्या एकटीच्या साथीने १११ गाठता येत होते.

मग ती सीएसयूकडे का गेली नाही? दोघांचा मतदार एकच: ग्रामीण, कॅथलिक, राज्याच्या हक्कांबद्दल हळवा. माझ्या मते मोठ्या भावाच्या घरात गिळले जाण्याची भीती इथे विचारसरणीपेक्षा भारी ठरली. एसपीडीचे प्रदेशाध्यक्ष वाल्डेमार फॉन क्न्योरिंगेन यांनी ही संधी ओळखली आणि १४ डिसेंबरला त्याच पक्षाचे विल्हेल्म होएग्नर मुख्यमंत्री झाले. बायर्न पार्टीचे योझेफ बाउमगार्टनर उपमुख्यमंत्री आणि कृषिमंत्री.

चौघांना बांधणारा मोठा मुद्दा होता प्राथमिक शिक्षकांच्या प्रशिक्षणाचा. ते पंथनिहाय संस्थांमधून काढून उच्च शिक्षणात आणायचे होते. कॅथलिक चर्चने बव्हेरियाने पोपशी केलेल्या १९२४ च्या करारावर बोट ठेवले, आणि कॅथलिक मतांवर जगणारी बायर्न पार्टी तिथेच अवघडली.

१५ सप्टेंबर १९५७ च्या संघीय निवडणुकीत सीएसयूने बव्हेरियात ५७.२ टक्के मते घेतली. बीएचई देशभरात ४.६ टक्क्यांवर अडकून संसदेबाहेर राहिला. ऑक्टोबरात बायर्न पार्टी आणि बीएचई दोघेही आघाडीतून बाहेर पडले. बव्हेरियाच्या राज्यघटनेत अविश्वास ठराव नाही. विधानसभेशी विश्वासाने काम करणे अशक्य झाले की मुख्यमंत्र्याने राजीनामा द्यायचा. होएग्नर हे त्या घटनेच्या शिल्पकारांपैकीच एक. त्यांनी राजीनामा दिला.

बायर्न पार्टीचा हिशेब इथे पुरता चुकला. सीएसयूचे हान्स झायडेल यांनी बीएचई आणि एफडीपीला घेऊन ११५ जमवले. तिची गरजच उरली नाही. १९५८ मध्ये तिच्या जागा १४ वर आल्या. १९५९ मध्ये कॅसिनो परवान्यांच्या प्रकरणात खोटी शपथ घेतल्याबद्दल बाउमगार्टनर यांना दोन वर्षांची सक्तमजुरी सुनावली गेली.