त्रयोदशीचा टोप

यंदा आमच्या दिंडीने आषाढीला साबुदाण्याचा एक दाणा शिजवला नाही. इतक्या वर्षांत पहिल्यांदाच. पहाटे साडेपाचला काळाचौकीच्या आमच्या चाळीतून दिंडीची वीणा बाहेर पडली, तेव्हा मागच्या टेम्पोत खिचडीची पातेली नव्हती, फक्त पाण्याचे जार होते. दोघीतिघींना चुकल्याचुकल्यासारखं होत होतं. मलाही.

आमची वारी वडाळ्याची. ज्यांना अठरा-वीस दिवसांची सुट्टी मिळत नाही, ज्यांचे गुडघे दिवे घाट चढू देत नाहीत, असे कितीतरी मुंबईकर आषाढीला वडाळ्याच्या विठ्ठलाला चालत जातात. प्रतिपंढरपूरच म्हणतात त्याला. आमचं अंतर पाच-सहा किलोमीटरचं, पण पाऊल्या खेळत, फुगड्या घालत गेलं की चार तास सहज जातात. यंदा, म्हणजे २०२५ला, एकादशी रविवारी आली, ६ जुलैला. झिमझिम पाऊस होता, डोक्यावरच्या तुळशीला पाणी घालायची गरजच नव्हती.

लालबागपासून परळपर्यंत आंबेडकर रोडवर मी फराळाची टेबलं मोजत गेले. नऊ झाली. खिचडी, केळी, राजगिऱ्याचे लाडू, बटाट्याचा चिवडा, चहा. प्रत्येक टेबलावरून हात पुढे येतात, ‘माऊली, घ्या हो, नाही म्हणू नका.’ किती घेणार? एका ठिकाणी दुभाजकाला लागून द्रोणांचा ढीग पडला होता, त्यातला साबुदाणा पावसाने फुगून रस्त्यावर आला होता. अन्नावर कुणाचा पाय पडू नये म्हणून आमचे चोपदार तिथे थांबले आणि सगळी दिंडी एकेकाला हाताला धरून कडेने पुढे काढली. वाटणाऱ्यांच्या भक्तीबद्दल मला बोलायचं नाही. तशीच खिचडी मी स्वतः वीस वर्षं वाटली आहे, आणि वाटताना डोळे भरून आलेले आहेत.

परळला वळून केईएमचा कोपरा आला की चोपदार दंड वर करतात आणि टाळ-पखवाज थांबतात. टाटा कॅन्सर हॉस्पिटल मागे पडेपर्यंत नाम ओठांतल्या ओठांत. बारा-चौदा वर्षांची पोरंसुद्धा तेवढा पट्टा गप्प चालतात. आणि इथेच, दोन वर्षांपूर्वी, आमच्या मंडळाचं सगळं बदललं.

ते वर्ष २०२३. आषाढी आणि बकरी ईद एकाच दिवशी आली होती, २९ जूनला, गुरुवारी. फूटपाथवर प्लास्टिकच्या कागदाखाली एक गृहस्थ बसले होते, बिहारचे. शेजारी त्यांचा मुलगा, नाकात नळी, गालावर पट्टी. मी द्रोण पुढे केला. त्यांनी हात जोडले आणि मागची पिशवी उघडून दाखवली. आत खिचडीचे पाच द्रोण होते, गार होऊन एकमेकांना चिकटलेले. म्हणाले, ‘दीदी, आज तो सब आ रहे हैं. परसों मंगल को कोई नहीं आया था.’ मग जरा संकोचून विचारलं, ‘सादा चावल होगा क्या?’

सादा भात आमच्याकडे नव्हता. एकादशीला कसा असेल?

त्या वेळी मला काही सुचलं नाही. पुढे वडाळ्याला रांगेत तीन तास उभी होते, पण डोक्यात तो मंगळवारच.

टाटा १९४१पासून उभं आहे, देशाच्या कानाकोपऱ्यातून माणसं येतात. गरिबांना उपचार स्वस्तात मिळतात, कित्येकांना फुकटही. पण केमोच्या फेऱ्या महिनोन्‌महिने चालतात, तोवर गावाकडची रोजंदारी बुडते, बरोबर आणलेले पैसे संपत येतात. पेशंटचं दूध, पेशंटचं फळ चुकत नाही. काटकसर करायची तर बरोबर आलेला माणूस स्वतःच्या ताटात करतो. दिवसातून एकदा जेवतो, संध्याकाळी बिस्किटाचा पुडा आणि चहा. हे मला नंतर कळलं, कारण नंतर आम्ही विचारायला लागलो.

मंडळाच्या बैठकीत मी विषय काढला तेव्हा वादावादी झाली. एकादशीचं अन्नदान मोडायचं म्हणजे काय, पुण्य कुठे जाईल, लोक काय म्हणतील. आमचे वीणेकरी आबा ऐंशीच्या पुढचे, गिरणीत साचे चालवलेले. ते शेवटपर्यंत बोलले नाहीत. मग एवढंच म्हणाले, ‘एकादशीला आपण उपास करतो ना? मग लोकांना जेवायला त्याच दिवशी का बोलावतो? वाढायचं तर पारण्याला वाढा. पारण्यानंतरही वाढा.’ आणि त्यांनी गाडगेबाबांची आठवण काढली. बाबा पंढरीला जायचे ते वाळवंट झाडायला आणि वारकऱ्यांची सोय बघायला. भुकेल्याला अन्न हे त्यांच्या दशसूत्रीत पहिलं. दादरला त्यांच्या नावाची धर्मशाळा आहे, टाटाचे कितीतरी पेशंट तिथे राहतात. ‘चालत जाण्याजोगी आहे बाय ती. कधी गेलीस?’ मी गेले नव्हते.

मग महिनाभर आम्ही काही शिजवलं नाही. आळीपाळीने दोघं-दोघं संध्याकाळी टाटाच्या फूटपाथवर जायचो आणि एका शंभरपानी वहीत लिहायचो: वार, वेळ, कोण वाटून गेलं, काय वाटलं, काय उरलं. मला वाटतं आमच्या हातून झालेलं सगळ्यात मोलाचं काम ते. शनिवार-रविवारी आणि सणाला गाड्यांवर गाड्या येत. वाढदिवस, पुण्यतिथ्या, सगळं तेव्हाच. पुरी-भाजी, शिरा, बुंदी. मंगळवारी, शुक्रवारी संध्याकाळी सामसूम. आणि तोंडाच्या कर्करोगाच्या माणसाला पुरी गिळवत नाही, तिखट भाजी जिभेला झोंबते, हे वाटणाऱ्यांपैकी फार थोड्यांना माहीत. आम्हाला तरी कुठे होतं.

दादरच्या गुरुद्वारात जाऊन लंगरही पाहून आलो. तिथल्या एका सेवेकऱ्याने आम्हाला टोपांचे आकार समजावून दिले, पाणी किती, आंच किती, आणि चुलीजवळ कुणी उभं राहायचं नाही ते. तिथे मला रोज या शब्दाचा अर्थ कळला. सणाचा दिवस नाही, कुणी बघायला नाही, तरी डाळ चढलेली.

तेव्हापासून आमचे मंगळवार आणि शुक्रवार ठरले. तांदूळ मुठीचा. चाळीतल्या चौसष्ट घरांत एकेक डबा दिला. रोज भाताला तांदूळ घेताना एक मूठ त्यात टाकायची. मूठ म्हणजे पंचेचाळीस-पन्नास ग्रॅम, आठवड्याला वीसेक किलो जमतो. मूगडाळ आणि तूप दक्षिणापेटीतून. मऊ भात, सैल वरण, तिखट नाही, वरून तूप. चारला चढवायचं, सहाला गरम पोचवायचं, झाकण मधे उघडायचं नाही, कारण केमो चालू असलेल्या माणसाला शिळ्या-उघड्या अन्नाचा धोका फार. पेशंटसाठी कुणी मागितलं तर आधी विचारायचं, डॉक्टरांनी चालेल म्हटलंय का. रांग लावायची नाही. ज्याने त्याने आपला डबा आणायचा, आम्ही भरून द्यायचा. फोटो काढायचा नाही, नाव-गाव-जात विचारायची नाही. ज्यांनी भाड्याची खोली घेतली आहे आणि शेगडी आहे त्यांना शिजवलेलं नको असतं, त्यांना कोरडा शिधा. आपल्या हाताने आपल्या चवीचं रांधलेलं मुलाला भरवता येणं, ही गोष्ट किती मोठी असते ते त्या बायांच्या तोंडावर दिसतं.

मला यात नवं काही वाटलं नाही, कारण हे मी लहानपणी बघितलंय. माझी आई गिरणी कामगारांची खानावळ चालवायची, दहा बाय बाराच्या खोलीत. १८ जानेवारी १९८२ला संप सुरू झाला, अडीच लाख माणसं घरी बसली, आणि आईच्या वहीतली उधारी वहीतच राहिली. मी तेव्हा दहा वर्षांची. पावसाळ्याच्या तोंडाला आमच्याच घरात पेजेचे दिवस आले. तेव्हा याच भजनी मंडळाने गावागावांहून तांदळाच्या गोण्या मागवल्या आणि खोलीखोलीत वाटल्या. आबा तेव्हा तरणे होते. रात्री उशिरा यायचे, दार वाजवायचे नाहीत, उंबऱ्यात पिशवी ठेवून जायचे. आई सकाळी दार उघडायची तेव्हा काही बोलायची नाही, पिशवी आत घ्यायची आणि देवापुढे दिवा लावायची.

भूक फूटपाथवरच असते असं आम्ही धरून चाललो होतो, ती चूक आमची. मुठीचे डबे गोळा करायला मी जाते. तिसऱ्या मजल्यावर एक आजी एकट्या राहतात, नवरा गिरणीत होता, मूल नाही. त्यांचा डबा नेहमी काठोकाठ, तांदूळ निवडून पाखडून लख्ख. एकदा गप्पांत गॅसचा भाव वाढला असं काही मी बोलले, तर त्या म्हणाल्या, ‘माझं बरं आहे गो, दिवाळीचा सिलिंडर अजून चाललाय.’ तो ज्येष्ठ होता. सात महिने! मी घरी आले आणि जिन्यातच बसले. दिवसाला एकदा चहा, एकदा भात असं हिशोब केला तरच सिलिंडर एवढा पुरतो. आणि त्यातली मूठ रोज आमच्या डब्यात.

विचारल्यावर हळूहळू निघालं. रेशनच्या मशीनवर त्यांचा अंगठा लागत नव्हता. आयुष्यभर भांडी घासून रेषाच राहिल्या नाहीत. चार महिने दुकानातून हात हलवत परत येत होत्या आणि कुणाला सांगत नव्हत्या. कायद्याने महिन्याला माणशी पाच किलो धान्य त्यांच्या हक्काचं, २०२३पासून तेही फुकट, आणि ते दुकानातच पडून. आमच्या दिंडीतला पखवाज वाजवणारा पोरगा त्यांना घेऊन शिधावाटप कार्यालयात तीनदा गेला, मग धान्य सुरू झालं. आता दर एकादशीला भजनाआधी तासभर तो चाळीच्या पायरीवर बसतो. ज्यांचा अंगठा लागत नाही, ज्यांचं कार्ड गावचं आहे, त्यांचे कागद बघतो. कार्ड गावचं असलं तरी मुंबईच्या दुकानात धान्य मिळतं, हे आमच्याच गल्लीतल्या हमालांना ठाऊक नव्हतं.

पण आजींना डबा न्यायचा कसा? घेतला नसता त्यांनी. तेव्हा नियम केला: शिजवायला, निवडायला जो येईल त्याने पंगतीत जेवूनच जायचं. तांदूळ निवडायला मी आजींना बोलावलं. खरंच गरज होती, आम्हा कुणाचे डोळे त्यांच्याइतके तयार नाहीत. आता दोन्ही दिवस त्या दुपारी तीनला हजर असतात आणि सगळ्यांवर ओरडतात.

यंदा टाटासमोरून गप्प जाताना फूटपाथवरच्या एका बाईने आमच्यातल्या एकीला ओळखलं आणि बोटांनी खूण केली: मंगल? तिने मान हलवली. मग भोईवाडा ओलांडला, टाळ पुन्हा सुरू झाले, नायगावात जोरात सर आली. वडाळ्याला गर्दी इतकी की गाभाऱ्यापर्यंत मी गेलेच नाही. कळसाला हात जोडले. आबांना मात्र खुर्चीतून आत नेलं.

मंगळवारी त्रयोदशी. कॅलेंडरवर त्या दिवशी मोठा सण नसतो. चारला टोप चढला. आजींनी ओगराळं घालून वरण वर उचललं आणि धार बघितली. ‘सैल कर अजून. गेल्या खेपेला घट्ट झालं होतं, त्या पोराला नळीतून कसं जायचं?’ मी तांब्याभर उकळतं पाणी घातलं. सहाला टेम्पो टाटाशी लागला. एकशे बारा डबे भरले. एकशे तेरावा आला तेव्हा भात होता, वरण संपलं होतं. त्या माणसाला भातावर तूप-मीठ दिलं, तो चालेल म्हणाला. घरी येऊन वहीत लिहिलं: शुक्रवारी मूग दोन किलो जास्त.