सळई, चुन्याच्या गाठी आणि अठ्ठावीस दिवस

मी काँक्रीटच्या प्रयोगशाळेत काम करते असं कळलं की पुढचा प्रश्न ठरलेला असतो. रोमन लोकांनी बांधलेलं दोन हजार वर्षं उभं आहे, मग आपले पूल पन्नाशीतच का थकतात? तुम्हीही तेच विचारलंत. उभ्या उभ्या मी "त्यांच्यात सळई नव्हती" एवढंच म्हणाले. ते खरं आहे, पण अर्धंच. उरलेलं इथे लिहिते.

आधी सळईचंच बघू. रोममधल्या पँथिऑनचा घुमट सुमारे 43 मीटर व्यासाचा, इ.स. 126 च्या आसपास पुरा झालेला, आणि त्याच्या काँक्रीटमध्ये सळई नाही. बिनसळईच्या काँक्रीटचा याहून मोठा घुमट आजही जगात नाही. काँक्रीट दाब सोसतं, ताण सोसत नाही, हे बांधणाऱ्यांना अनुभवाने कळलेलं होतं. म्हणून खाली जाडी जास्त आणि दगड जड, वर जाताना जाडी कमी होत जाते आणि खडीच्या जागी प्युमिससारखा सच्छिद्र दगड येतो. तरीही घुमटाच्या खालच्या भागात उभ्या चिरा आहेतच. त्या चिरांमुळे घुमटाच्या जणू कमानी झाल्या आणि त्या एकमेकींना रेटून उभ्या राहिल्या. आपल्या तुळईला, स्लॅबला ही सोय नाही. तिथे खालच्या बाजूला ताण येणार, म्हणजे सळई हवीच.

काँक्रीटच्या पोटात ती सळई सुरक्षित असते, कारण तिथला सामू (पीएच) 12 च्या वर असतो. इतक्या आम्लारिधर्मी वातावरणात लोखंडावर एक अतिशय पातळ, घट्ट थर धरतो आणि गंज थांबतो. पण हवेतला कार्बन डायऑक्साइड पृष्ठभागातून आत झिरपत राहतो, चुन्याशी संयोग पावतो आणि सामू 9 च्या आसपास उतरतो. सामू उतरलेल्या भागाची ही सीमा सळईपर्यंत पोचली की थर मोडतो. गंजाला मूळ लोखंडाच्या कितीतरी पट जागा लागते, मग काँक्रीट आतून फुटतं. समुद्राच्या खाऱ्या हवेत क्लोराइड हेच काम आणखी लवकर करतं.

ही सीमा डोळ्यांनी दिसते, आणि मी या विषयात राहिले ती त्यामुळेच. जुन्या बांधकामातून काढलेला काँक्रीटचा तुकडा फोडायचा आणि ताज्या भागावर फिनॉल्फ्थॅलिन हे रंग बदलणारं रसायन फवारायचं. जिथे काँक्रीट अजून आम्लारिधर्मी आहे तिथे गडद गुलाबी रंग चढतो, बाकीचं राखाडी राहतं. शिकत असताना पहिल्यांदा फवारलं तेव्हा सळई पूर्ण राखाडी भागात होती आणि गुलाबी रंग तिच्याही आत बोटभर अंतरावर सुरू होत होता. त्या इमारतीचा बाहेरचा गिलावा नवा होता, रंगही नवा. आत राहणाऱ्यांना यातलं काहीच दिसत नव्हतं.

इटलीतल्या जेनोआचा मोरांडी पूल 14 ऑगस्ट 2018 ला कोसळला तेव्हा 43 माणसं गेली. पूल 1967 मध्ये खुला झाला होता. त्याला तोलून धरणारे पोलादी दोर काँक्रीटमध्ये गाडलेले होते, आणि गंज आतल्या आत खात होता. पूल पन्नाशीत का थकतात असं कुणी विचारलं की मला हाच पूल आठवतो.

आता उत्तराचा दुसरा अर्धा भाग. आपण काँक्रीटची ताकद अठ्ठावीसाव्या दिवशी क्यूब फोडून ठरवतो. शटरिंग लवकर काढायचं असतं, पुढचा मजला चढवायचा असतो, म्हणून सिमेंट बारीक दळलेलं, झटपट ताकद देणारं हवं असतं. जे काही व्हायचं ते पहिल्या महिन्यात होतं आणि नंतरसाठी फारसं उरत नाही. रोमन काँक्रीटमध्ये मात्र उरायचं. त्यात पांढऱ्या चुन्याच्या मिलिमीटरभर गाठी सापडतात. कित्येक वर्षं अभ्यासक त्यांना खराब मिसळणीची खूण समजत होते. 2023 च्या जानेवारीत अमेरिकेतल्या एमआयटी विद्यापीठातल्या अ‍ॅडमिर मासिच आणि सहकाऱ्यांनी वेगळी मांडणी केली. चुना आधी विरवून न घेता कळीचा चुनाच ज्वालामुखीच्या राखेत मिसळला असावा. मग पाणी पडताच मिश्रण प्रचंड तापतं आणि न विरलेल्या गाठी मागे राहतात. पुढे चीर पडली की ती या ठिसूळ गाठींमधून जाते, पाणी शिरतं, चुना विरघळतो आणि कॅल्साइट होऊन चीर भरतो. त्यांनी असे नमुने बनवले, मुद्दाम चिरले आणि त्यातून पाणी सोडलं. दोन आठवड्यांत पाणी थांबलं. कळीचा चुना नसलेल्या नमुन्यातून ते वाहतच राहिलं.

पॉम्पेईत इ.स. 79 च्या उद्रेकात अर्धवट राहिलेलं एक बांधकाम अलीकडे उघडं झालं. तिथे चुना आणि राख कोरडीच मिसळून ठेवलेली सापडली. मला त्या ढिगाचं फार वाटतं. गवंडी पाणी घालायच्या बेतात असतील.

रोमन बंदरांच्या काँक्रीटमध्ये समुद्राचं पाणी राखेत मुरून टोबरमोराइट या खनिजाचे स्फटिक तयार झालेत, हे मेरी जॅक्सन यांच्या गटाने 2017 मध्ये दाखवलं. आपल्या सळईला मारणाऱ्या त्याच खाऱ्या पाण्याने तिथे बांधणी घट्ट केली.

मग आपण त्यांचीच कृती का वापरत नाही? जगाला वर्षाला सुमारे 4 अब्ज टन सिमेंट लागतं, तेवढी ज्वालामुखीची राख कुठून आणणार? आणि निव्वळ चुना-राखेचं मिश्रण ताकद धरायला फार वेळ घेतं. पण त्या राखेचा एक वारस सापडलाय असं मला मनापासून वाटतं: साधारण 700 ते 850 अंशांवर भाजलेली चिकणमाती. स्वित्झर्लंडमधल्या लोझानच्या संशोधक कॅरेन स्क्रिव्हनर यांनी क्यूबा आणि भारतातल्या संशोधकांबरोबर घडवलेल्या एलसी-थ्री सिमेंटमध्ये क्लिंकर, म्हणजे भट्टीत भाजलेला सिमेंटचा मुख्य घटक, निम्म्यावर येतो, बाकी भाजलेली माती, कच्ची चुनखडी आणि थोडं जिप्सम. क्लिंकरला 1450 अंशांची भट्टी लागते आणि चुनखडी भाजताना तिच्यातलाच कार्बन डायऑक्साइड सुटतो, म्हणूनच जगाच्या उत्सर्जनात सिमेंटचा वाटा 7 ते 8 टक्के आहे. या सिमेंटने टनामागे उत्सर्जनात 30 ते 40 टक्के बचत होते. चिरा बुजवणाऱ्या जिवाणूंवरही नेदरलँड्समधल्या डेल्फ्टमध्ये चांगलं काम झालंय, पण मला मातीची आशा जास्त आहे, कारण चिकणमाती जवळपास सगळीकडे मिळते.

इथे एक अडचण आहे आणि ती लपवणं बरं नाही. भाजलेली माती ताकद देते ती काँक्रीटमधला मोकळा चुना खाऊन. क्लोराइडला असं काँक्रीट उत्तम अडवतं, पण कार्बन डायऑक्साइडला तोंड द्यायला चुना कमी उरतो आणि गुलाबी रंगाची सीमा लवकर मागे हटू शकते. सध्या माझ्याकडचे बरेचसे नमुने याच कामाचे आहेत. नीट भिजवून ठेवलेले आणि लवकर वाळू दिलेले नमुने शेजारी शेजारी फोडले की फरक मोजपट्टीशिवायही कळतो.

तुमचा शेवटचा प्रश्न होता, स्वतःचं बांधताना काय बघायचं. सळईवर काँक्रीटचं आवरण किती राहतंय ते बघा. ती सीमा काळाच्या वर्गमुळाने आत सरकते, म्हणजे आवरण 20 ऐवजी 40 मिलिमीटर असेल तर तिथवर पोचायला साधारण चौपट वर्षं लागतात. त्यासाठी स्लॅब भरण्याआधी कव्हर ब्लॉक, म्हणजे सळईखाली हे अंतर राखणारे ठोकळे, जागेवर आहेत का ते वाकून बघावं लागतं, नंतर काहीच दिसत नाही. आणि पाणी मारणं. साधं सिमेंट असेल तर किमान सात दिवस, राख किंवा भाजलेली माती मिसळलेलं सिमेंट असेल तर किमान दहा. तिसऱ्या दिवशी काँक्रीट टणक लागतं आणि नळी गुंडाळून ठेवली जाते. ती तेव्हा गुंडाळू देऊ नका.