तुम्ही विचारलंत म्हणून: फौजेतला मेडिक बाहेर चालतो का?

पुण्यात वानवडीला आमच्या सोसायटीच्या गेटवर मला सगळे 'मेजर' म्हणतात. मी हवालदार म्हणून निवृत्त झालो, हे दोनतीनदा सांगून पाहिलं, मग नाद सोडला. आर्मी मेडिकल कोअरमध्ये नर्सिंग असिस्टंट होतो. लखनौला ट्रेनिंग, मग कधी हॉस्पिटलचा वॉर्ड, कधी डोंगरावरची चौकी. आता इथे प्रथमोपचार शिकवतो. त्यामुळे बारावीच्या मुलांचे आईवडील हमखास अडवतात: "मेजर, फौजेतला मेडिक आणि परदेशात पोलिसांच्या कमांडोंबरोबर आत शिरतो तो टॅक्टिकल पॅरामेडिक, काम एकच ना? म्हणजे फौजेत शिकला की बाहेर चालेल?"

जखम तीच असते हो. पेशंट तो नसतो.

फौजेत माझ्यासमोर येणारा बहुतेक वेळा पंचविशीतला, शेप-वन मेडिकल कॅटेगरीचा, म्हणजे पूर्ण तंदुरुस्त गडी. ब्लड ग्रुप माहीत, दातांसकट सगळी नोंद कागदावर. शेजारच्या जवानालाही पट्टी कशी बांधायची हे ठाऊक असतं. पलटणीतल्याच काही जवानांना बॅटलफील्ड नर्सिंग असिस्टंट म्हणून तयार करतात, म्हणजे मी पोचेपर्यंत काहीतरी झालेलं असतं. आणि गोळीबार चालू असेल तर पहिलं काम पट्टीचं नाहीच, आधी गोळीबाराला उत्तर. अमेरिकन फौजेतल्या डॉक्टरांनी १९९६ साली हे रीतसर मांडलं: गोळ्या चालू असताना फक्त धो-धो वाहणारं रक्त थांबवा, बाकी सगळं आडोशाला गेल्यावर. आम्ही पूर्वी आधी श्वासनलिका, मग श्वास, मग रक्त असं घोकलेलं. नव्या क्रमात मोठा रक्तस्राव सगळ्यात वर आला.

आता नवले पुलाचा उतार घ्या. कात्रजच्या नव्या बोगद्याकडून गाड्या खाली सुटतात ती जागा. एकदा माझ्यासमोरच तिथे दुचाकी घसरली. काका साठीच्या पुढचे, मांडी फाटलेली, आणि खिशातल्या गोळ्यांच्या पट्टीवरून कळलं की रक्त पातळ करायचं औषध चालू. काकू शेजारी बसून चप्पल शोधत होत्या. कुणा भल्या माणसाने जखमेच्या वर ओढणी बांधली होती, पण सैल. सैल बांधलं की वरवरची शीर दबते, आतली धमनी चालूच राहते. रक्त आत येतं, परतीची वाट बंद, त्यामुळे उलट जास्त वाहतं. ओढणी सोडली, दोन्ही हातांनी जखमेवर सगळा भार दिला आणि टूर्निकेट, म्हणजे दांडी फिरवून आवळायचा पट्टा, येईपर्यंत हात हलवला नाही. भोवती तीस माणसं, पैकी वीस मोबाइल धरून. चौकीवर अशी गर्दी मला कधी भेटली नव्हती.

लोकांना वाटतं फौजेत सगळं झटपट. उलट. हवा बिघडली की हेलिकॉप्टर येत नाही. एकदा पायाला जबर इजा झालेला एक पोरगा मी रात्रभर चौकीवरच सांभाळला. रक्त थांबलं होतं, पुढची लढाई थंडीशी. अंग गार पडलं की रक्त गोठेनासं होतं, म्हणून दोन स्लीपिंग बॅग, गरम पाण्याच्या बाटल्या, आणि दर पंधरा मिनिटांनी नाडी लिहायची. पुण्यात हॉस्पिटल बरंच जवळ. तिथे पॅरामेडिकची, म्हणजे ॲम्ब्युलन्सवर उपचार करणाऱ्याची, परीक्षा हीच, की रस्त्यावर किती कमी करून किती लवकर निघता.

टॅक्टिकल पॅरामेडिक आधी पॅरामेडिक असतो, बंदुकीच्या छायेत काम करणं नंतर शिकतो. १९९९ साली अमेरिकेत कोलंबाइनच्या शाळेत गोळीबार झाला तेव्हा इमारत पूर्ण तपासून होईपर्यंत मदत बाहेर थांबली, आणि आत एक शिक्षक काही तास रक्त जाऊन गेले. त्यानंतर तिकडे हळूहळू विचार बदलला: धोका पुरता टळलेला नसेल, पण आटोक्यात असेल, अशा भागात पोलिसांच्या कड्यात मेडिकने शिरायचं. फौजेचे नियम त्यांनी जसेच्या तसे उचलले नाहीत. लहान मूल, गरोदर बाई, डायबेटिसवाले आजोबा हे सगळं त्यात घालावं लागलं.

आणि 'चालेल का' याचं उत्तर त्यांच्याकडेही कडू आहे. अमेरिकन फौजेतला मेडिक टेक्सासमध्ये साधारण सोळा आठवडे शिकतो आणि हातात येतं ते ॲम्ब्युलन्सवरच्या प्राथमिक पातळीचं सर्टिफिकेट. पॅरामेडिक व्हायचं तर बाहेर आल्यावर पुन्हा वर्षभर, कधी जास्तच, वर्गात बसायचं. ज्याने युद्धात माणसं वाचवली त्याला बाहेर ॲटॅकचा ईसीजी पहिल्यापासून शिकावा लागतो. मला राग नाही यायचा. मलाही शिकावा लागला.

आपल्याकडे तर 'टॅक्टिकल पॅरामेडिक' अशी पाटी मी अजून पाहिलेली नाही. १३ फेब्रुवारी २०१० ला कोरेगाव पार्कात जर्मन बेकरीत स्फोट झाला, १७ जण गेले. तेव्हा महाराष्ट्रात १०८ची ॲम्ब्युलन्सही नव्हती, ती २०१४ ला आली.

परवा वर्गात एका मुलाच्या मांडीवर टूर्निकेट लावला. तो ओरडला, "सर, बास, दुखतंय!" दांडी अजून अर्धा फेरा फिरवली. पावलावरची नाडी बोटाखाली लागेनाशी झाली तेव्हा थांबलो, पट्टीवर वेळ लिहिली. मुलाने विचारलं, दर वीस मिनिटांनी सैल करायचा ना? पूर्वी तसंच शिकवत. आता नाही. सैल करणं डॉक्टरांचं काम, तुझं काम वेळ लिहिणं.

त्याच्या आईला मी म्हटलं, फॉर्म भरायच्या आधी याला एक रात्र कुठल्यातरी कॅज्युअल्टीत बाकावर बसवा. शेजारच्याला उलटी झाली तर हा उठून ट्रे धरतो की लांब सरकतो, ते बघा. त्या काल गेटवर पुन्हा भेटल्या. "मेजर, ते कॅज्युअल्टीचं जाऊ द्या, भरती कधी आहे तेवढं सांगा."